सहा मिनिटांत एक किलोमीटर

उंची १६० सेंटीमीटर. छाती ८० सेंटीमीटर, फुगवल्यावर चार सेंटीमीटर जास्त. तळपाय सपाट नको, गुडघे एकमेकांवर घासायला नकोत. रंग ओळखता आले पाहिजेत, हाक ऐकू आली पाहिजे, आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर पळता आलं पाहिजे. खासगी सुरक्षा रक्षक होऊ पाहणाऱ्या पुरुषाचं शरीर कसं असावं, ते केंद्र सरकारच्या नमुना नियमांत असं लिहून ठेवलंय. खासगी सुरक्षा एजन्सींचं नियमन करणारा कायदा २००५चा, हे नियम त्याच्या पुढच्या वर्षीचे. प्रशिक्षण वर्गात १०० तास, प्रत्यक्ष जागेवर ६० तास, किमान २० दिवसांत. अभ्यासक्रम तर मुळातून वाचावा असा आहे. गणवेश नीट कसा घालावा इथून सुरुवात, मग आग विझवणं, गर्दी आवरणं, प्रथमोपचार, ओळखपत्रं आणि पासपोर्ट तपासणं, स्फोटकं ओळखणं, एफआयआर कशी नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर पोचतो, पोलीस आणि सैन्यातल्या हुद्द्यांच्या खुणा कोणत्या. हे सगळं खरोखर शिकलेला माणूस आपल्या गेटवर बसलेला असेल, तर त्याला 'ए वॉचमन' अशी हाक मारायची आपली जीभ रेटायला नको.

आता खाली जाऊन त्या माणसाचा दिवस बघा. सकाळी पाण्याचा पंप चालू करायचा, टाकी भरून वाहायच्या आत बंद करायचा. दूधवाला, पेपरवाला, कचरेवाला. मग घरकामाच्या बायका. मग दिवसभर कुरिअर आणि डिलिव्हरी: मोबाइलवर फ्लॅट नंबर टाका, वरून 'अप्रूव्ह' यायची वाट बघा, तोवर उन्हात थांबलेल्या मुलाची कुरकुर ऐका. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची पिशवी लिफ्टपर्यंत न्या. चुकीच्या जागी लावलेली गाडी कोणाची ते शोधा, पण मालकाला 'काढा' म्हणताना आवाज खालीच ठेवा. रात्री दोनला येणाऱ्यासाठी गेट उघडा, आणि उघडायला जरा उशीर झाला तर ड्युटीवर झोपल्याची बोलणी खा. या यादीत त्या १६० तासांतलं जवळजवळ काहीच नाही. ज्या गुणांसाठी हा माणूस निवडला असं कागद म्हणतो, ते वर्षानुवर्षं कामाला येत नाहीत. येतात तेव्हा मात्र सगळे एकाच वेळी लागतात.

लालबागमध्ये तशी वेळ २२ ऑक्टोबर २०२१ला आली. करी रोड स्टेशनजवळ वन अविघ्न पार्क नावाचा साठेक मजल्यांचा टॉवर आहे. दुपारी बाराच्या सुमाराला त्याच्या १९व्या मजल्यावर आग लागली. इमारतीचा एक सुरक्षा रक्षक, वय ३०, आगीची खबर घ्यायला वर गेला आणि तिथेच अडकला. जीव वाचवायला तो बाल्कनीबाहेर आला, कठड्याला लोंबकळला, काही वेळ हातांच्या जोरावर राहिला, आणि हात सुटले. केईएम रुग्णालय जवळच. तिथे तो मृत असल्याचं जाहीर झालं. त्या वेळी खालून मोबाइल त्याच्याकडे रोखलेले होते. ती क्लिप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर आली असेल. मी तिचं वर्णन याहून जास्त करणार नाही.

तो आपणहून गेला की कोणाच्या सांगण्यावरून, यानं माझा प्रश्न बदलत नाही. प्रश्न असा आहे: वर जाणं हे त्याचं काम होतं का?

चटकन सुचणारं उत्तर 'हो' आहे. सुरक्षेसाठीच तर पगार घेतो. पण हे उत्तर शेजारी दुसरा माणूस उभा करून तपासावं. अग्निशमन दलाचा जवान धुरात शिरतो तेव्हा त्याच्या पाठीवर श्वसनयंत्र असतं, सोबत जोडीदार असतो, हातात पाण्याची लाइन असते, आणि खाली उभा असलेला अधिकारी त्याला 'मागे फिर' म्हणू शकतो. आत जाण्याआधी बाहेर कसं पडायचं हे बघायची त्याला सवय लावलेली असते. आपल्या गेटवरच्या माणसाकडे शिट्टी, टॉर्च आणि हजेरीचं रजिस्टर असतं. दोघांकडून एकच अपेक्षा करायची, आणि एकालाच साधनं द्यायची, याला कर्तव्य म्हणता येईल का?

जे. ओ. अर्म्सन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८ साली 'सेंट्स अँड हीरोज' नावाचा एक छोटा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण असं: सैनिक हातबॉम्ब फेकण्याचा सराव करतायत, एकाच्या हातून जिवंत बॉम्ब निसटतो, आणि दुसरा एक सैनिक त्यावर स्वतःला झोकून देऊन बाकीच्यांना वाचवतो. अर्म्सन म्हणतो, त्यानं तसं केलं नसतं तर कोणीही त्याला दोष दिला नसता. वरचा अधिकारी तसा हुकूम देऊ शकला नसता. त्या सैनिकाला स्वतःला 'हे माझं कर्तव्यच' असं वाटू शकतं, पण ते वाटण्याचा हक्क फक्त त्याचा. बाकीच्यांनी ती मागणी करायची नसते.

मुंबईकराला यावर लगेच आठवेल ती गिरगाव चौपाटी. २६/११च्या त्या रात्री सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. त्यांच्या हातात फक्त लाठी होती. अर्म्सनच्या भाषेत हे कर्तव्याच्याही पलीकडचं. पण ओंबळे यांनी शपथ घेतलेली होती, त्यांच्यामागे राज्य होतं. पुढे त्यांना अशोकचक्र मिळालं, चौपाटीवर स्मारक झालं. राज्यानं निदान एवढं तरी कबूल केलं की हा माणूस आमच्यासाठी गेला. सुरक्षा रक्षकाच्या मागे कोण असतं? एजन्सी म्हणते, आम्ही फक्त माणूस पुरवतो. सोसायटी म्हणते, माणूस एजन्सीचा. जिवंत असताना तो दोघांचाही ऐकतो, आणि जिवाचा प्रश्न आला की तो दोघांचाही नसतो. म्हणून अशा मृत्यूनंतर 'हिरो' म्हणून हळहळणारे मेसेज वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. ज्याला आपण साधं हेही शिकवलं नाही की दाट धुरात एकट्यानं शिरायचं नसतं, त्याच्या धाडसाचं कौतुक आपल्याला फार स्वस्तात पडतं.

मग या कामाला नेमकं लागतं काय? शरीर लागतं, नाही असं नाही. पण गेटवरच्या माणसाला दिवसातून शंभर वेळा जे करावं लागतं, त्याला मराठीत फार चांगला शब्द आहे: तारतम्य. कोणाला थांबवायचं, कोणाला सोडायचं. कुठे नियम ताणायचा, कुठे अजिबात नाही. कधी धावायचं, आणि कधी धावायचं नाही.

प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये नगराच्या रक्षकांची तुलना चांगल्या कुत्र्याशी केलीय. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्याचा मुद्दा गमतीचा आहे. कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो, मग त्यानं कधी काही वाईट केलेलं नसलं तरी; आणि ओळखीच्या माणसापुढे शेपूट हलवतो, मग त्यानं कधी भाकरीचा तुकडा टाकलेला नसला तरी. म्हणजे कुत्रा आपलं-परकं हे ज्ञानावरून ठरवतो, म्हणून तो ज्ञानाचा प्रेमी, म्हणून तत्त्वज्ञ. सॉक्रेटिसच्या तोंडी हे वाक्य येतं तेव्हा तो हसत असावा असं मला नेहमी वाटतं.

आपल्या गेटवर हे गणित उलटं होतं. तिथे सगळ्यात परका रक्षकच असतो. इमारतीतल्या मोलकरणीला कोणत्या घरात काय चाललंय ते माहीत असतं. रक्षक तीन महिन्यांनी बदलतो. ज्ञान नाही, पण आपलं-परकं तर ठरवायचंय. मग तो कशावरून ठरवतो? कपड्यांवरून, बुटांवरून, गाडीवरून, इंग्रजी बोलण्याच्या झोकावरून. एसी गाडीची काच खालीही न होता बूम बॅरिअर वर जातो. पाठीवर चौकोनी बॅग आणि डोक्यावर हेल्मेट असलेल्या मुलाला 'सर्व्हिस लिफ्टनं जा' म्हटलं जातं. कामाच्या बाईची पिशवी उघडून पाहिली जाते, मॅडमच्या पिशवीकडे नजरही जात नाही. ज्याला तो अडवतो, तो बहुधा त्याच्याच गावचा, त्याच्याच वस्तीतला, त्याच्यासारखाच महिन्याच्या शेवटी उसनवारी करणारा असतो. हे कौशल्य १६० तासांच्या अभ्यासक्रमात कुठेही नाही. तरी पहिल्याच आठवड्यात ते त्याला येतं, कारण चूक झाली की ओरडा कोणत्या बाजूनं येतो हे त्याला लगेच समजतं. डिलिव्हरीवाल्याला उगाच अर्धा तास थांबवलं तर कोणी काही बोलत नाही. एखाद्या सभासदाच्या पाहुण्याला दोन मिनिटं थांबवलं तर एजन्सीला फोन जातो.

आणि धोका? तो कितीदा गेटमधून येतो? लालबागची आग रस्त्यावरून आत आली नव्हती.

पहारेकऱ्याच्या तारतम्याच्या दोन गोष्टी मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहेत. एक सावळ्याची. पहाऱ्यावरचा तो पोर अनोळखी घोडेस्वाराला अडवतो, धमकावतो, जुमानत नाही; स्वार निघतात खुद्द शिवाजी महाराज, आणि त्याच्यावर खूश होतात. दुसरी हिरकणीची. दूध विकायला रायगडावर आलेली गवळण, घरी तान्हं बाळ, सूर्य मावळलेला, दरवाजे बंद. पहारेकरी उघडत नाहीत. ती काळोखात कडा उतरून जाते. महाराजांना कळतं, ते तिचा सन्मान करतात, आणि त्या जागी बुरूज बांधला जातो. लहानपणी दोन्ही गोष्टी सारख्याच उत्साहानं ऐकल्या जातात. दोन्ही शेजारी ठेवल्या की मात्र घोटाळा होतो. सावळ्यानं जे केलं तेच रायगडाच्या पहारेकऱ्यांनी केलं: हुकूम पाळला, माणूस बघितला नाही. एका ठिकाणी ती निष्ठा ठरते, दुसऱ्या ठिकाणी एक आई जवळपास मरणाच्या दारात जाते. रायगडावरच्या त्या पहारेकऱ्यांना शिक्षा झाली की शाबासकी मिळाली, ते लोककथा सांगतच नाही. तिला त्यांच्यात रस नाही.

माझ्या मते पहारेकऱ्यांची चूक नव्हती. दरवाजा उघडण्याचा अधिकारच ज्याला दिलेला नाही, त्याच्याकडे तारतम्य असून उपयोग काय? आणि सावळ्याचं नशीब असं की समोरचा राजा मोठ्या मनाचा निघाला. आजच्या एखाद्या टॉवरमध्ये सावळ्यानं चेअरमनची गाडी अडवली तर काय होईल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये गुरुग्रामच्या एका सोसायटीत लिफ्टमध्ये काही मिनिटं अडकलेला रहिवासी बाहेर आला, आणि ज्या सुरक्षा रक्षकानं त्याच्या सुटकेसाठी धावाधाव केली त्यालाच त्यानं थोबाडीत मारली. सीसीटीव्हीत ते दिसलं म्हणून बातमी झाली.

तारतम्य ही एकट्या माणसाच्या डोक्यात असणारी वस्तू नाही, असं म्हणावंसं वाटतं ते यामुळे. ती वापरायला आजूबाजूच्यांनी ऐकावं लागतं. लालबागपासून जवळच, परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ला आग लागली. चार जणांचा मृत्यू झाला. त्याच इमारतीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीला शाळेत शिकलेलं आठवलं: ओलं फडकं नाकातोंडाशी धरायचं आणि त्यातून श्वास घ्यायचा. तिनं शेजाऱ्यांना ते करायला लावलं आणि कित्येक जण वाचले. तिची उंची १६० सेंटीमीटर नव्हती. पण तिला एक गोष्ट नेमकी माहीत होती, आणि मोठ्या माणसांनी तिचं ऐकलं. या दुसऱ्या अर्ध्याकडे आपलं लक्ष जात नाही. उद्या तुमच्या इमारतीत धूर झाला आणि गेटवरचा माणूस ओरडून म्हणाला, 'लिफ्ट वापरू नका, जिन्यानं उतरा, गाड्या काढायला बेसमेंटमध्ये जाऊ नका', तर किती जण थांबून त्याचं ऐकतील? ज्याला वर्षभर फक्त 'हो साहेब' म्हणायला शिकवलं, त्यानं आगीच्या दिवशी साहेबाला 'नाही' म्हणावं, आणि साहेबानं ते मानावं, हे घडणार कसं? सराव तर दोघांचाही नाही.

त्या 'नाही'त एक स्वतःसाठीचा 'नाही'सुद्धा येतो. 'मी वर जाणार नाही, मी खाली राहून बंब आत घेतो, रिफ्यूज एरिया कितव्या मजल्यावर आहे ते जवानांना सांगतो, कोणत्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत त्याची यादी देतो.' आगीत हे काम वर धावण्याहून जास्त जीव वाचवू शकतं. पण नंतरच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच: 'तो काय करत होता खाली उभा राहून?'

लालबाग-परळमध्ये या कामाला आणखी एक इतिहास चिकटलेला आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना परत गिरणी दिसली नाही. त्यातले कितीतरी जण पुढे वॉचमन झाले. साच्याचा नुसता आवाज ऐकून धागा कुठे तुटला हे ज्यांना कळायचं, ती माणसं खुर्चीवर बसून गेट राखू लागली. या कामाला काही येत असण्याची गरज नाही, असं आपल्या डोक्यात बसलंय त्याला हेही एक कारण असावं. जे दुसरं काही करू शकत नाहीत त्यांना मिळणारं काम, अशी त्याची ओळख झाली. खरं तर महाराष्ट्रानं या कामाची दखल देशाच्या आधी घेतली होती. संपाच्या आदल्याच वर्षी, १९८१मध्ये, राज्यात खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण करणारा कायदा झाला. १९६९च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर मंडळ, रक्षकांची नोंदणी, मंडळामार्फत पगार आणि इतर हक्क अशी ती रचना. कायद्यातून सूट घेण्याचीही सोय त्यातच आहे.

राहता राहिली जागं राहण्याची क्षमता, जी सगळेच गृहीत धरतात. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या माणसांच्या नजरेतून खुणा का निसटतात, याचा अभ्यास नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं केला. एका साध्या तबकडीवर फिरणारा काटा, तो अधूनमधून दुप्पट उडी घेतो, तेवढी उडी टिपायची. १९४८ साली त्यानं निष्कर्ष मांडले: पहिल्या अर्ध्या तासातच माणसाचं टिपणं घसरायला लागतं. हे निवडक, तंदुरुस्त, तरुण लोक होते. मुंबईत गेटवरची ड्युटी सर्रास बारा तासांची असते, आणि बदली आला नाही तर चोवीस. पहाटे चारला खुर्चीत मान कलंडलेल्या माणसाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी तो अर्धा तास लक्षात ठेवावा.

इथे रक्षकच म्हणतील, आम्हालाच बारा तास हवेत. खरं आहे. आठ तासांच्या पगारात मुंबईत खोलीचं भाडं भरून गावाला पैसे पाठवता येत नाहीत. त्यामुळे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या तर तिसऱ्या माणसाचा पगार द्यायचा आणि पहिल्या दोघांचाही कमी करायचा नाही, तरच त्याला अर्थ. समजा त्यासाठी महिन्याला २४ हजार रुपये जास्त लागले आणि इमारतीत १२० घरं आहेत. घरटी २०० रुपये. आणखी थोडे घातले तर वर्षातून दोनदा आगीची रंगीत तालीम होईल, जिच्यात रक्षक सूचना देईल आणि सभासद त्या पाळतील. म्हणजे चेअरमनसकट सगळे जिन्यानं उतरतील. पैशांचा ठराव एखाद्या वेळी मंजूर होईलही. दुसऱ्यावर मात्र वाद होईल, आणि तो निघेल पार्किंगचा विषय संपल्यावर, लोक चपला शोधायला लागल्यानंतर.